जिन्याखालची डबी

सोसायटीचं सेक्रेटरीपद माणसाकडे कसं येतं हे कुणी विचारू नये. सभेत ज्याला डुलकी लागते त्याच्या गळ्यात ते पडतं. माझ्या गळ्यात पडलं तेव्हा त्याच्याबरोबर तीन गोष्टी ताब्यात आल्या: हिशेबाच्या सात वह्या, गच्चीच्या दाराची किल्ली आणि जिन्याखालची डबी. पहिल्या दोहोंबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ही हकीकत तिसरीची आहे.

डबी प्लास्टिकची, पोळ्यांच्या डब्याएवढी, पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरशेजारी भिंतीवर बसवलेली. ती माझ्या भाच्यानं, निखिलनं, २०१९ सालच्या मे महिन्यात केली. त्या उन्हाळ्यात आमची मोटर दोनदा जळाली होती. आमच्याकडे महापालिकेचं पाणी पहाटे खालच्या हौदात येतं आणि तिथून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. हे काम महादबाकडे, म्हणजे आमच्या वॉचमनकडे होतं. बिचारा पहाटे चारला उठून हौदाचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघत बसे. एखाद्या दिवशी डोळा लागला, की एक तर टाकी भरून गच्चीवरून धबधबा सुरू होई, नाहीतर हौद कोरडा पडून मोटर नुसतीच फिरत राही. मग सकाळी सोळा बिऱ्हाडं मिळून एकट्या महादबाला बोलत. निखिल तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आमच्याकडे येऊन राहिला होता. त्यानं दोन दिवस हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी तापकीर गल्लीत जाऊन पिशवीभर सामान घेऊन आला.

डबीच्या आत बोटभर लांबीचा एक बोर्ड आहे. त्याला 'नोडएमसीयू' म्हणतात. त्याच्यावर शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची 'ईएसपी-८२६६' ही चीप बसवलेली असते. २०१४ साली ही चीप हौशी मंडळींच्या हाती आली आणि दोन-चारशे रुपयांत वाय-फायशी बोलणारा चिमुकला संगणक ज्याच्या त्याच्या टेबलावर येऊन बसला. या छंदाला खरा बहर आला तो त्याच्याही आधी, २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी तयार झालेल्या 'अर्डुइनो' बोर्डामुळे. ते नाव तिथल्या एका बारवरून घेतलेलं आहे. पुण्यात कुणी एखाद्या यंत्राला अमृततुल्य चहाच्या दुकानाचं नाव द्यावं, तसंच हे.

डबीचं काम साधं. हौदात एक तरंगता चेंडू, गच्चीवरच्या टाकीत दुसरा. खाली पाणी आहे आणि वर नाही असं दोन्ही चेंडूंनी सांगितलं, की बोर्ड रिलेला हुकूम देतो, रिले स्टार्टरला देतो आणि मोटर सुरू होते. टाकी भरली, की बंद. आणि वरचा चेंडू कुठं अडकलाच, तरी चाळीस मिनिटांनी मोटर आपली आपण बंद. पाच वर्षांहून अधिक काळ ही डबी एकदाही चुकली नाही. महादबा पहाटे झोपू लागला. त्याचा रक्तदाब खाली आला असं तो सांगतो. सोसायटीतल्या बऱ्याच जणांचाही आला असावा.

आता मूळ भानगडीकडे येतो. गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी सोसायटीची सभा होती. रंग, पार्किंग आणि फटाके हे नेहमीचे विषय संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी उभे राहिले. हे हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, "आपल्या पंपाच्या कंट्रोलरचं फर्मवेअर किती जुनं आहे, याची कुणाला कल्पना आहे का?"

कुणालाच नव्हती. फर्मवेअर म्हणजे काय याचीही नव्हती. तेव्हा आधी ते सांगून टाकतो. यंत्राचे तार, चीप, स्क्रू हे हार्डवेअर. संगणकात आपण घालतो-काढतो ते सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधलं जे यंत्राच्या पोटातच भरून ठेवलेलं असतं, धड घट्ट नाही आणि धड सैलही नाही, त्याला 'डेटामेशन' मासिकात ऍशर ऑप्लर यांनी १९६७ साली फर्मवेअर हे नाव दिलं. मला ते पाटीसारखं वाटतं. दगडावर कोरलेलं नसतं, पुसून पुन्हा लिहिता येतं. पण पुसल्यानंतर आणि पुरतं लिहून होण्याआधी मध्येच दिवे गेले, तर पाटीवर धड जुना धडा नसतो आणि नवाही नसतो.

आमच्या पाटीवर 'टास्मोटा' नावाचा धडा होता. थिओ अरेंड्स या डच गृहस्थांनी सुरू केलेलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी वाढवलेलं हे फर्मवेअर फुकट मिळतं. फोनवर डबीचं पान उघडलं, की त्यात 'फर्मवेअर अपग्रेड' असं लिहिलेलं एक बटण दिसतं. ते बटण मी रोज बघत असे आणि देवळातल्या हुंडीकडे बघावं तसा बघून पुढं जात असे. आमच्या आवृत्तीचा पहिला आकडा होता ६. बाहेर १४ येऊन गेलेली होती.

"२०१९ च्या सप्टेंबरात," कुलकर्णी म्हणाले, "मॅथ्यूस गार्बेलिनी नावाच्या संशोधकानं याच चीपमधले दोष जाहीर केले. वाय-फायच्या टप्प्यात उभा राहून कुणी वाकडातिकडा संदेश सोडला, तर ही चीप जागच्या जागी कोसळते. कंपनीनं दुरुस्ती दिली, पण ती नव्या फर्मवेअरमधून येते. आपली डबी मे महिन्यातली. म्हणजे दुरुस्तीच्या आधीची! धनत्रयोदशीला मला सुट्टी आहे. बटण दाबतो, दहा मिनिटांचं काम."

यावर आपटेकाका उठले. हे वीजखात्यातून निवृत्त झालेले. "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?" एवढं एकच वाक्य बोलून ते बसले. त्यांना टाळ्या पडल्या. कुलकर्ण्यांनाही पडल्या होत्या. आमच्या सोसायटीत टाळ्या सगळ्यांना पडतात. शेवटी ठराव झाला, की याचा निर्णय सेक्रेटरींनी घ्यावा.

जिन्यावरून उतरताना महादबा वाटेत उभा होता. दाराआडून त्यानं सगळं ऐकलं होतं. "साहेब," तो म्हणाला, "ती डबी बंद पडली तर मला पुन्हा चारला उठावं लागंल का?"

मी म्हटलं, "नाही नाही." पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. धनत्रयोदशीला बटण दाबायचं आणि दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी! पहाटे सोळा बिऱ्हाडं तेल-उटणं लावून बसलेली आणि गच्चीवरची टाकी कोरडी. हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मी जेवायला बसण्याआधी निखिलला फोन लावला. तो आता जर्मनीत असतो.

"मामा, आधी एक सांगा," तो म्हणाला, "डबीला काही होतंय का?"

"काही नाही. उत्तम चाललीय."

"मग घाई कसली? कुलकर्णीकाका म्हणतात तो दोष खरा आहे. पण त्यासाठी माणूस आपल्या बिल्डिंगपाशी येऊन उभा राहायला हवा. डबी बाहेरच्या इंटरनेटला मी उघडी ठेवलेली नाही. आपली टाकी बंद पाडायला परगावाहून कोण येतंय?"

"म्हणजे आपटेकाकांचंच बरोबर," मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"तसंही नाही," निखिल म्हणाला, आणि त्यानं एक गोष्ट सांगितली. त्याच्या होस्टेलच्या खोलीत अशाच बोर्डाची एक पाटी होती; उद्या पाऊस पडणार की ऊन, ते ती दाखवी. हवामानाची माहिती ज्या ठिकाणाहून येई ते ठिकाण खरं की तोतया, हे ओळखायला बोर्डाच्या पोटात एक प्रमाणपत्र लिहिलेलं होतं. 'डीएसटी रूट सीए एक्स-३' असं त्याचं नाव. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. त्या दिवसानंतर पाटीवर अक्षर उमटेना. अशी कितीतरी जुनी यंत्रं त्या दिवशी जगभर मुकी झाली. "मी तिला हात लावला नव्हता, मामा. हात लावला नव्हता म्हणूनच ती बंद पडली. आपली डबी बाहेर कुणाशी बोलत नाही, म्हणून तिच्यावर ती वेळ आली नाही. पण उद्या तुम्ही राऊटर बदलाल, कुणी म्हणेल टाकी भरल्याचा निरोप फोनवर यावा, आणि सहाच्या आवृत्तीवरून तिथं पोचता येणार नाही."

"अरे, मग करू की नको करू?"

"करा. पण आधी हे बघा, की बिघडलं तर परत यायची वाट आहे का. डबीतली सगळी सेटिंग्ज कुठं लिहून ठेवली आहेत?"

"कुठं?"

"माझ्या डोक्यात," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "आणि खरं सांगायचं तर आता तिथंही नाहीत."

फोन ठेवला तेव्हा माझी भूक गेली होती. पाच वर्षं आम्ही जिच्यावर सोळा घरांचं पाणी सोपवलं होतं, तिच्या पोटात काय आहे हे पृथ्वीतलावर कुणालाच ठाऊक नव्हतं. न करण्यात मला जी सुरक्षितता वाटत होती ती एवढीच होती, की आपण झाकण उघडून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात चकल्या चालल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ही सगळी कर्मकथा हिला ऐकवत होतो. हिनं कढईत एकच चकली सोडली, ती तळून मोडून बघितली, मोहन कमी पडलंय असं म्हणाली आणि भिजवलेल्या पिठाला थोडं तेल चोळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, त्या डबीत असतो तसला दुसरा एक तुकडा विकत मिळत नाही का? पहिला घाणा त्याच्यावर काढा."

मी रिक्षा करून तापकीर गल्ली गाठली. बोर्ड आणि रिले मिळून पाचशेच्या नोटेतून सुटे परत आले. सभेत याच गोष्टीवर आम्ही पाऊण तास भांडलो होतो.

पुढचं काम कुलकर्णी आणि दुसऱ्या मजल्यावरची सई यांनी केलं. सई इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निखिलनं सांगून ठेवलं होतं, की काही करण्याआधी जुन्या बोर्डाची जशीच्या तशी नक्कल काढा. दुपारी टाकी भरलेली असताना मेन स्विच बंद करून सईनं बोर्ड डबीतून सोडवून वर आणला, तारेनं लॅपटॉपला जोडला आणि 'ईएसपी-टूल' नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनानं त्याच्या पोटातला अक्षर न् अक्षर वाचून घेतला. बोर्डाची स्मरणशक्ती चार मेगाबाइट, म्हणजे हल्लीच्या फोनमधल्या एका फोटोएवढी. सहा-सात मिनिटं लागली. जुना बोर्ड तसाच परत जिन्याखाली गेला. मोटरला काही पत्ताही लागला नाही.

सईनं मला आणखी एक गोष्ट दाखवली आणि तिनं माझी निम्मी भीती गेली. या चीपमध्ये कारखान्यातच कोरून दिलेला एक छोटासा भाग असतो. तो काही केल्या पुसला जात नाही. बोर्डावरचं 'फ्लॅश' बटण धरून ठेवून 'रीसेट' दाबलं, की चीप बाकी सगळं विसरते आणि तारेवरून नवा धडा घ्यायला बसते. "म्हणजे काका, फर्मवेअर चुकलं म्हणून बोर्ड मरत नाही. मात्र लॅपटॉप आणि तार घेऊन त्याच्यापाशी जावं लागतं. नुसत्या वाय-फायवरून दाबलेलं बटण तिसऱ्या मजल्यावरून परत दाबता येत नाही."

हे शेवटचं वाक्य कुलकर्ण्यांसाठी होतं. त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर, एका बाजूला चकलीचे डबे आणि दुसऱ्या बाजूला तारांचा गुंता, असा प्रयोग मांडला. नव्या बोर्डात जुन्याची नक्कल भरली. दोन चेंडू मोरीतल्या दोन बादल्यांत सोडले. एक बादली हौद, दुसरी टाकी. मोटरच्या जागी टॉर्चचा बल्ब. भरल्या बादलीत चेंडू वर-खाली केला, की बल्ब लागे आणि विझे. माझा नातू मोरीतून उठायला तयार होईना.

टास्मोटा बनवणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे, की फार जुन्या आवृत्तीवरून एकदम नव्यावर उडी मारू नका. मधल्या काही ठरावीक आवृत्त्यांवर थांबत थांबत या. कारण सेटिंग्ज ठेवायची पद्धत वाटेत बदलत गेली आणि प्रत्येक पायरीवर जुनी मांडणी नव्या मांडणीत उतरवून घेतली जाते. शिवाय जागा थोडी असल्यामुळे आधी एक अगदी आटोपशीर आवृत्ती आत जाते आणि ती पुढच्या पूर्ण आवृत्तीला जागा करून देते. कुलकर्ण्यांना दहा मिनिटांत काम उरकायचं होतं. त्यांनी पायऱ्या सोडून एकदम शेवटची आवृत्ती घातली.

बोर्ड उठला, पण काही न आठवणाऱ्या माणसासारखा. कोणत्या पायाला रिले, कोणत्याला चेंडू, चाळीस मिनिटांचा नियम, सगळं गेलं. "हरकत नाही, हातानं भरतो," असं म्हणून कुलकर्ण्यांनी यादीतून 'रिले' निवडलं आणि बोर्ड पुन्हा सुरू केला. फोनवरच्या पानावर मोठ्या अक्षरांत आलं: 'ऑफ'. आणि टेबलावरचा बल्ब लख्ख पेटलेला.

कुणी काही बोललं नाही. मग सई म्हणाली, "हा रिले उलटा आहे. त्याला 'चालू' सांगायचं तर वीज काढून घ्यावी लागते. यादीत 'रिले'च्या शेपटीला छोटा 'आय' लावलेलं वेगळं नाव आहे, निखिलदादानं ते निवडलं असणार."

मी त्या बल्बकडे बघत राहिलो. हाच बोर्ड जिन्याखाली असता, तर पानावर मोटर बंद आणि प्रत्यक्षात चालू. चाळीस मिनिटांचा नियम असता तरी कामाला आला नसता. मोटर बंद आहे अशीच डबीची समजूत, मग ती बंद कुणाला करणार? हौद कोरडा, मोटर जळालेली, आणि सकाळी उटणं लावलेली सोळा बिऱ्हाडं जिन्यात उभं राहून कुणाला बोलली असती, हेही मला ठाऊक होतं. तो पहाटे झोपलेला असता.

कुलकर्णी भला माणूस. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "जुनी नक्कल पुन्हा भर गं." बोर्ड परत सहाच्या आवृत्तीवर आला आणि बादलीतला चेंडू पहिल्यासारखं काम करू लागला. परत यायची वाट आहे, हे डोळ्यांनी दिसलं. त्यानंतर त्यांनी एकेक पायरी थांबून चढली. प्रत्येक पायरीवर सई सेटिंग्ज वाचून दाखवी आणि मी हिशेबाच्या आठव्या वहीत उतरवून घेई. शेवटच्या आवृत्तीवर पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. बल्ब शहाण्यासारखा वागत होता.

"आता बसवून टाकू?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"भाऊबीज होऊ द्या," ही आतून म्हणाली.

दिवाळीचे चारही दिवस जुना बोर्ड जिन्याखाली आणि नवा आमच्या मोरीत, असे दोघं आपापल्या पाण्याची राखण करत होते. नरकचतुर्दशीला पहाटे मी मुद्दाम उठून जिन्याखाली गेलो. खट् असा रिलेचा आवाज आला आणि मोटर घुमू लागली. महादबा त्याच्या खाटेवर तोंडावर पांघरूण घेऊन घोरत होता. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी दुपारी बोर्ड बदलला. स्टार्टर हातानं चालवण्याचा जो स्विच निखिलनं शेजारी बसवून दिला होता आणि ज्याचा उपयोग कुणालाच माहीत नव्हता, त्यावर सईनं लाल रंगानं नाव लिहिलं आणि महादबाकडून तो दोनदा दाबून घेतला. जुना बोर्ड चकल्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला आठव्या वहीतल्या पानाची नक्कल चिकटवली आहे.

हे लिहीत असतानाच कुलकर्णी येऊन गेले. टास्मोटाची आणखी नवी आवृत्ती आली आहे म्हणाले. मी विचारलं, डबीला काही होतंय का? म्हणाले, नाही. मग मी खणाची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, की आधी त्या पिशवीतल्या बोर्डावर करून बघा, आणि यंदा बादल्या तुमच्या मोरीत ठेवा. आमच्याकडे भाजणी भिजवली आहे.